मुक्तस्रोताच्या दारी कला शाखेचा विद्यार्थी

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

पिंपरी-चिंचवड ही कारखान्यांची नगरी. १९५४ साली युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने पिंपरीत 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स' उभी राहिली. पुढे टेल्को आली, बजाज ऑटो आली, भोसरीत लहान वर्कशॉपांची दाटी झाली आणि आता ही रांग चाकणच्याही पलीकडे गेली आहे. अशा गावात कला शाखेत शिकणाऱ्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "बी. ए. करून यंत्रांच्या या गावात तुझा उपयोग काय?"

या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु यंत्रांच्याच जगात एक दार असे आहे की तेथे पदवी विचारीत नाहीत, शाखा विचारीत नाहीत आणि मराठीच्या विद्यार्थ्याची तेथे अभियंत्याइतकीच गरज आहे. ते दार म्हणजे मुक्तस्रोत संगणक-प्रकल्पांचे. गेली दोन वर्षे अशाच एका लेखन-प्रणालीच्या मराठी अनुवादात मी थोडेबहुत काम करीत आहे. दार उघडे असले तरी आत आणलेली प्रत्येक वस्तू तपासून घेतली जाते. ही तपासणी कशी चालते, ती इतकी कडक का असते आणि आपले काम तीत कसे टिकेल, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

यंत्र विकत घेतले म्हणजे त्याचे ड्रॉइंग आपल्याला मिळत नाही. बहुतेक संगणक-प्रणालींचेही तसेच. वापरायला मिळतात, पण त्या ज्या आज्ञांनी घडल्या त्या मूळ आज्ञा, म्हणजे 'स्रोत', कुलुपात असतात. मुक्तस्रोत प्रणालीत यंत्राबरोबर ड्रॉइंगही मिळते. ते वाचावे, त्यात बदल करावा, बदललेली प्रत दुसऱ्याला द्यावी, अशी परवानगी लेखी परवान्यानेच दिलेली असते.

या विचाराचा पाया अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा करून घातला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरव्हाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे 'लिनक्स' झाली. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सच आहे. 'फायरफॉक्स' हे जाळ्यावरची पाने दाखविणारे साधन आणि 'लिब्रेऑफिस' ही लेखन-प्रणाली, ही याच कुळातील. ही दोन्ही मराठीतही मिळतात, आणि त्यांतले मराठी कुणीतरी एकेक ओळ बसून लिहिलेले आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'मुक्त' म्हणजे कुणीही यावे आणि काहीही घालावे, असे नव्हे. आपण आपल्या प्रतीत हवा तो बदल करावा. त्याला कुणाची ना नाही. परंतु तो बदल मूळ प्रकल्पात जाऊन जगभर पोचायचा असेल, तर त्या प्रकल्पाची देखभाल करणाऱ्यांनी तो स्वीकारावा लागतो. विद्यार्थ्यांची गाडी अडते ती नेमकी येथे.

नग पास कसा होतो?

माझे मामा भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये काम करतात. पूर्वी लेथवर होते, आता सीएनसी यंत्रावर आहेत. त्यांच्याकडचे नग चाकणच्या मोठ्या कारखान्यांना जातात. नवा नग प्रथमच द्यायचा असला म्हणजे आधी नमुना जातो. तेथे तो ड्रॉइंगशी ताडून पाहतात, गेज लावतात, मापे लिहितात. पास झाला तरच पुढची ऑर्डर. नाही तर रिवर्क, किंवा सरळ रिजेक्शन. मामा म्हणतात, "नग चांगला आहे हे आपण सांगून चालत नाही. मापाने सांगावं लागतं."

मुक्तस्रोत प्रकल्पाची रीत अगदी हीच आहे. आपण केलेला बदल हा नमुना. प्रकल्पाचे लेखी नियम हे ड्रॉइंग. बदल तपासणारा परीक्षक म्हणजे गेज घेऊन बसलेला इन्स्पेक्टर. 'ग्नोम' या प्रकल्पात तर अनुवादकाच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत : प्रथम अनुवादक, मग परीक्षक, मग काम मूळ भांडारात दाखल करण्याचा अधिकार असलेला, आणि त्या भाषेचा समन्वयक. पहिल्या पायरीवर कुणालाही उभे राहता येते. वर चढायचे ते मात्र कामाच्या जोरावर.

नमुना पास होण्यासाठी जे पाळावे लागते ते मी चार गोष्टींत सांगते.

पहिली गोष्ट, नग लहान असावा. एका प्रस्तावात एकच बदल. शुद्धलेखनाची दुरुस्ती, दोन नवे शब्द आणि एका आज्ञेतील बदल असे सारे एकाच गाठोड्यात बांधून पाठविले, तर त्यातील एकाच्या शंकेपायी बाकीचे अडकून पडतात. एका पडद्यावरची दहा वाक्ये नीट केलेली बरी; पाचशे अर्धवट केलेली नकोत.

दुसरी गोष्ट, ड्रॉइंग आधी वाचावे. बहुतेक प्रकल्पांत योगदान कसे करावे याचे स्वतंत्र पान असते. अनुवादासाठी शब्दसूची असते. 'सेव्ह'साठी 'जतन करा' की 'साठवा', 'फाइल'साठी 'फाइल' की 'संचिका', हे एकदा ठरले की सगळीकडे तेच. येथे आपली आवड चालत नाही. नेहमी लागणाऱ्या अशा शब्दांच्या याद्या भाषाभाषांच्या मंडळींनी एकत्र बसून ठराव्यात, यासाठी 'फ्यूएल' नावाचा प्रकल्प २००८ च्या सुमारास सुरू झाला. त्याचे मूळ आपल्या पुण्यातील रेड हॅट कंपनीच्या भाषा-विभागात आहे.

तिसरी गोष्ट, नगाबरोबर चलन हवे. काय बदलले आणि का बदलले, हे दोन-तीन ओळींत लिहावे. 'चूक दुरुस्त केली' एवढ्याने भागत नाही. कोणत्या पडद्यावर, काय करताना, काय दिसत होते आणि काय दिसायला हवे होते, एवढे लिहिले की परीक्षकाचे अर्धे काम होते. चलनावर सहीही लागते. लिनक्सच्या मालकीवरून २००३ साली कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. त्यानंतर २००४ पासून तेथे प्रत्येक बदलाखाली 'हे देण्याचा मला अधिकार आहे' अशा अर्थाची सही लागते. लिब्रेऑफिसमध्येही आपले काम ठरलेल्या परवान्याखाली देत असल्याचे लेखी कळवावे लागते. दुसऱ्याच्या कोशातून उतरवून काढलेले येथे चालत नाही.

चौथी गोष्ट, प्रश्नाला उत्तर द्यावे. परीक्षक शंका विचारतो, दुसरा शब्द सुचवितो, बदल मागतो. आपण त्यावर गप्प राहिलो की प्रस्ताव धूळ खात पडतो. परत आलेला नग म्हणजे अपमान नव्हे. रिवर्क करून तोच नग पास होतो.

आणि धीर हवा. माझी पहिली काही वाक्ये स्वीकारली जायला तीन आठवडे लागले. परीक्षक हे काम आपली नोकरी सांभाळून, रात्री जेवणानंतर, बिनपगारी करीत असतात, हे कळल्यावर ते तीन आठवडे थोडेच वाटले.

येथे मराठीचा अभ्यास लागतो

आता कला शाखेच्या वाट्याचा भाग. मराठीच्या विद्यार्थ्याने येथे यावे असे मी म्हणते, ते मराठीच्या अभिमानापोटी नव्हे. व्याकरण माहीत नसले तर हे काम होतच नाही.

प्रणालीतील वाक्ये इंग्रजी सांगाड्यावर बेतलेली असतात आणि त्यांत रिकाम्या जागा असतात. यंत्र त्या जागी आयत्या वेळी एखादे नाव बसविते. समजा, वाक्य आहे '___ मध्ये साठवा', आणि रिकाम्या जागी फोल्डरचे नाव यायचे आहे. इंग्रजीत कुठलेही नाव घातले तरी बिघडत नाही. मराठीत मात्र विभक्तीपूर्वी नामाचे सामान्यरूप होते. 'पुणे'चे 'पुण्यामध्ये', 'धडे'चे 'धड्यांमध्ये', 'निबंधमाला'चे 'निबंधमालेमध्ये'. यंत्राला सामान्यरूप कुठले ठाऊक? ते 'पुणे मध्ये' असेच लिहिणार. यावर उपाय वैयाकरणाला सुचतो : "'___' या फोल्डरमध्ये साठवा". आता नाव जसेच्या तसे राहते आणि विकार 'फोल्डर' या शब्दाला होतो.

लिंगाचेही तसेच. 'फाइल हटवली', 'तक्ता हटवला', 'चित्र हटवले'. रिकाम्या जागी काय येणार हे ठाऊक नसताना क्रियापदाचे लिंग कसे ठरवायचे? "हटवण्याचे काम पूर्ण : ___" असे लिहून वाट काढता येते. पण काही ठिकाणी अशी वाट निघत नाही. इंग्रजी वाक्याचे तुकडे मूळ आज्ञेतच वेगवेगळे ठेवलेले असतात आणि मागाहून जोडले जातात. तेथे अनुवादकाने मूळ प्रकल्पाकडे तक्रार नोंदवावी : हे वाक्य तुकड्यांत न ठेवता प्रत्येक प्रसंगासाठी पूर्ण द्या. अशी तक्रार उदाहरणासह लिहिली तर आज्ञा लिहिणारे ती मानतात, कारण मराठीला जी अडचण तीच हिंदीला, रशियनला आणि अरबीलाही असते. एक ओळही आज्ञा न लिहिता मूळ आज्ञेत झालेली ही सुधारणा होय.

'ऱ्या'ची गोष्ट याहून मौजेची. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत व्यासपीठ आणि स्वयंपाकघर एवढे अंतर आहे. दुसऱ्या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो : एक, नुक्ता असलेल्या 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, दुसरी, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. त्यामुळे एका रीतीने लिहिलेला 'शेतकऱ्यांना' शोधताना दुसऱ्या रीतीने लिहिलेला सापडत नाही, असे घडते. काही प्रणाली तर न दिसणारे चिन्ह निरुपयोगी समजून काढूनच टाकतात, आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. ही चूक आहे, हे मराठी वाचणाऱ्याखेरीज कुणाला कळणार?

तिसरे उदाहरण वर्णक्रमाचे. मराठी कोशात ळ हा ह नंतर येतो. म्हणून 'काव्य' आणि 'काहूर' यांच्यानंतर 'काळ'. युनिकोड या जागतिक संकेतात मात्र ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. जी प्रणाली केवळ क्रमांकानुसार यादी लावते, तीत 'काळ' हा 'काव्य'च्या आधी येऊन बसतो. अक्षरांच्या आकाराचीही अशीच तऱ्हा. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श चालतो. हिंदी वळण निराळे आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला. रेड हॅटचे 'लोहित' किंवा मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे टंक मुक्त परवान्याखाली मिळतात. त्यांत एखादे जोडाक्षर नीट जुळत नसेल तर ते दाखवून देण्याची सोयही खुली आहे. ज्याने वर्णमाला मन लावून शिकली आहे त्याच्याजवळ हे दाखवून देण्याचे भांडवल आयतेच आहे.

शब्द निवडतानाची कसोटी मी मामांकडून घेतली. 'संचिका उघडा' असे एका कागदावर लिहून मी त्यांना दाखविले. त्यांनी विचारले, "संचिका म्हणजे?" मी म्हटले, फाइल. "मग फाइल म्हण की." आणि 'जतन करा' वाचून मात्र ते लगेच म्हणाले, "हे बरोबर. पुसू नको, ठेव, असंच ना?" त्यांच्या यंत्राच्या पडद्यावरील सूचना इंग्रजीत आहेत. धोक्याची सूचना ते वाचीत नाहीत. तिच्या क्रमांकावरून ओळखतात. नवा क्रमांक आला की यंत्र थांबवून कुणीतरी वाचून सांगेपर्यंत उभे राहतात. तीस वर्षे लोखंड कातलेल्या माणसाला स्वतःच्या यंत्राचे बोलणे दुसऱ्याकडून ऐकावे लागते. पडद्यावरच्या मराठीचे महत्त्व मला कळले ते या गोष्टीवरून.

विद्यार्थ्यांचे नाव का खराब झाले?

आता थोडे कटू बोलावे लागेल. अनेक प्रकल्पांत 'विद्यार्थी' म्हटले की परीक्षकाच्या कपाळाला आठी पडते. याला कारणे आहेत.

'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उपक्रम २०१४ पासून दर ऑक्टोबरात होतो. २०२० साली चार प्रस्ताव पाठविणाऱ्यास टी-शर्ट मिळणार होता. त्या शर्टासाठी लोकांनी कुठे एखादे विशेषण वाढव, कुठे स्वल्पविराम हलव, असे निरर्थक प्रस्ताव इतके पाठविले की महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच नियम बदलावा लागला आणि जे प्रकल्प आपणहून सहभागी होतील तेवढेच धरले जाऊ लागले. २०२४ च्या प्रारंभी 'एक्सप्रेस' या सुप्रसिद्ध प्रकल्पावर अशीच धाड आली. आपल्या देशातील एका शिकवणीच्या चित्रफितीत बदल कसा पाठवावा याचे प्रात्यक्षिक त्या प्रकल्पावर करून दाखविले होते. पाहणाऱ्यांनी तेच गिरविले, आणि आपापले नाव माहितीच्या पानात घालणाऱ्या प्रस्तावांचा ढीग पडला. किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरणे आणि हे, यांत फरक तो काय?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी तर लिनक्सच्या परीक्षकांची परीक्षा पाहण्यासाठी मुद्दाम सदोष बदल पाठविले. २०२१ च्या एप्रिलमध्ये हे प्रकरण चिघळले आणि त्या विद्यापीठातून येणारे सारे बदल बंद करण्यात आले. पूर्वी आलेल्यांचीही फेरतपासणी झाली. त्यांतील बहुतेक निर्दोष निघाले. पण काही थोड्यांच्या प्रयोगापायी त्या विद्यापीठातील सगळ्यांच्याच प्रामाणिक कामावर संशय आला. आणि २०२४ च्या मार्चमध्ये 'एक्सझेड' प्रकरण उघडकीस आले. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन-अडीच वर्षे सभ्यपणे काम करून विश्वास मिळविला आणि शेवटी प्रणालीत चोरदरवाजा ठेवला. एका अभियंत्याला आपले यंत्र जोडणी करताना अर्धा सेकंद उशीर करते आहे असे जाणवले, म्हणून ते सापडले! इतके घडल्यावर परीक्षक अनोळखी हातचा नग बारकाईने पाहतात, यात नवल नाही.

भाषेच्या बाबतीत धोका अधिक. २०२० साली असे आढळून आले की स्कॉट्स भाषेतील विकिपीडियावर वीस हजारांहून अधिक लेख अमेरिकेतील एका तरुणाने लिहिले होते, आणि त्याला ती भाषा येत नव्हती. त्याचा हेतू वाईट नव्हता. बारा वर्षांचा असताना त्याने हौसेने सुरुवात केली होती. पण तपासायला कुणी नव्हते. मराठी स्कॉट्सइतकी लहान नाही. परंतु संगणकाचे मराठी तपासणारे हात मूठभरच आहेत. आज यंत्राकडून भाषांतर करून घेऊन हजार ओळी एका संध्याकाळी पाठविणे कुणालाही शक्य आहे. त्या हजार ओळी वाचणारा माणूस मात्र एकच असतो. 'जेंटू' या लिनक्स-प्रकल्पाने २०२४ साली कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले योगदान घेणार नसल्याचे ठरविले, त्यामागे दर्जाची ही चिंताही होती. यंत्राची मदत घ्यावी की नाही हे त्या त्या प्रकल्पाचे नियम सांगतील. परंतु जी ओळ आपण स्वतः वाचून, तोलून, पडद्यावर पाहून घेतलेली नाही, ती आपली म्हणून पाठवू नये, हा नियम सगळीकडे लागू आहे.

आपल्याला काय करता येईल?

या कामाला पैसे लागत नाहीत, संगणकशास्त्राची पदवीही लागत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एक संगणक आणि आठवड्याचे दोन तास पुरतात. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि ग्नोम या तिन्ही प्रकल्पांत मराठीचे काम खुले आहे. आधी ती प्रणाली पंधरा दिवस मराठीतच वापरावी. जे खटकेल ते वहीत टिपावे : कुठला पडदा, कुठले वाक्य, काय खटकले. मग आधीच कुणी ती तक्रार केली आहे का ते पाहावे. नसेल तर एक, फक्त एक, दुरुस्ती सुचवावी आणि तिचे काय होते ते पाहावे.

आमच्या प्राध्यापकांना एक नम्र विनंती आहे. भाषांतराच्या तासाला उतारा आपण करतोच. त्याऐवजी एखाद्या सत्रात अशा प्रणालीचा एखादा पडदा घ्यावा. सामान्यरूप, लिंग, वचन हे धडे तेथे गुणांसाठी उरत नाहीत. चुकले तर कुणाच्या तरी यंत्रावर चुकीचे वाक्य उमटते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आपल्या शेजारीच आहेत. त्यांना व्याकरण हवे आहे, आपल्याला आज्ञांची ओळख हवी आहे. ही देवघेव होण्यासारखी आहे. मात्र ती टी-शर्टासाठी किंवा प्रमाणपत्रासाठी नको. विद्यार्थ्यांच्या झुंडी पाहून विटलेला परीक्षक आपल्यातील एकाचे नीटस काम पाहून दुसऱ्यासाठी दार थोडे अधिक उघडतो, आणि एकाचे ओंगळ काम पाहून तिसऱ्यासाठी ते लावून घेतो.

स्वीकारल्या गेलेल्या ओळीखाली आपले नाव मोठ्या अक्षरांत येत नाही. ते बदलांच्या नोंदवहीत, तारखेसह, एका कोपऱ्यात राहते. ओळ मात्र गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, आणि परदेशातील मराठी घरांतूनही, पडद्यावर दिसू लागते. ती कुणी लिहिली हे वाचणाऱ्याला ठाऊक नसते. अडखळल्याशिवाय ती वाचली गेली म्हणजे काम झाले. 'बी. ए. करून उपयोग काय' असे विचारणाऱ्यांना दाखवायला माझ्याजवळ आजमितीस अशा चाळीस-एक ओळी आहेत. महाविद्यालयातून दहा जण आले तर पुढच्या अंकापर्यंत त्या चारशे व्हायला हरकत नाही; मात्र प्रत्येक ओळ तपासून पास झालेली हवी.